स्टेशनापासून दहा मिनिटं

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. सुभद्राबाई आणि नरसिंग यांच्या लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं होतं, आणि दोघांनी एका चुलीवरचं सलग चार दिवसही खाल्लं नव्हतं. सुभद्राबाई गुलबर्ग्याला एका दवाखान्यात नर्स होती. राहायची नर्सांच्या हॉस्टेलात. नरसिंग शहाबादेला फरशी पॉलिश करायच्या कारखान्यात होता. पाच जणांनी मिळून घेतलेल्या खोलीत भिंतीकडेला त्याची वळकटी असायची. रविवारी तो पॅसेंजरनं गुलबर्ग्याला यायचा, दोघं कुठंतरी झाडाखाली बसून तिनं आणलेली भाकरी खायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं तो परत जायचा. दोघंही मूळचे मादन हिप्परग्याकडचे, पण गावी जायचं म्हणजे रजा टाकायची, आणि रजा तेवढ्यापुरतीच मिळायची.

एक दिवस मेट्रनबाईंनी सुभद्राबाईला बोलावून सांगितलं, की लग्न झालेल्या पोरींना हॉस्टेलात ठेवता येत नाही, आजवर डोळेझाक केली, पुढच्या महिन्याच्या अखेरीला खाट रिकामी करून द्यावी. त्यात राग नव्हता, पण पुढचं बोलायला जागाही नव्हती.

गुलबर्ग्यात स्टेशनाजवळच्या खोल्यांची भाडी दोघांच्या आवाक्याबाहेरची होती. शहाबादेत तर कारखान्यांमुळं कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा भाडेकरू मिळत होते. तेव्हा सुभद्राबाईनंच तोड काढली. दोन्ही गावांच्या मधे रुळाकडेला लहान लहान स्टेशनं होती, तिथं पॅसेंजर थांबायची. अशा एखाद्या स्टेशनाजवळ घर घेतलं तर सकाळी तो एका दिशेच्या गाडीत बसेल, ती दुसऱ्या. अट एकच, घर पायी जाण्यासारखं हवं. संध्याकाळची पॅसेंजर साडेसहाला यायची. थंडीच्या दिवसांत तेव्हा उजेड जेमतेम उरलेला असतो, आणि अनोळखी शिवारातून बाईमाणसानं किती चालायचं?

त्यानंतरचे रविवार असे गेले, की दोघं एकेका स्टेशनावर उतरायचे, नरसिंग मनगटावरच्या घड्याळात बघायचा आणि चालायला लागायचे. कुठं घर बरं होतं पण वाट तासाची. कुठं वाट जवळची पण खोलीला दारच नव्हतं.

तिसऱ्या रविवारी ते कल्लूर रोडला उतरले. इथं गाव स्टेशनाला लागूनच होतं. हणमंतप्पा नावाच्या किराणा दुकानदाराच्या परसात दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्याच्या बायकोनं सुभद्राबाईला हौसेनं चूल दाखवली, धुण्याचा दगड दाखवला, पाणी कुठून भरायचं तेही सांगितलं. सुभद्राबाईनं मनातल्या मनात भांडी लावून टाकली. मग हणमंतप्पानं नरसिंगला विचारलं, तुम्ही कोणापैकी? नरसिंगचा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. घरात लपवाछपवी कुणी शिकवलेलीच नव्हती.

“आम्ही बौद्ध,” त्यानं सांगितलं.

हणमंतप्पाला एकदम आठवलं, की त्याचा मेहुणा पुढच्या आठवड्यात बायकापोरांसह राहायला येणार आहे. बायको आत निघून गेली. गावातल्या दुसऱ्या घरवाल्यानं मेहुण्याचं निमित्तही केलं नाही. विहिरीचा प्रश्न येतो, एवढंच म्हणाला. परत स्टेशनाकडं येताना नरसिंग भराभर पुढं चालत होता, कानशिलं तापलेली. सुभद्राबाईला मात्र राग आला नाही. ती मनात आठवडे मोजत होती. खाट रिकामी करायला तीन आठवडे राहिले होते.

प्लॅटफॉर्मच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. अंगात रेल्वेचा जुना निळा सदरा, डोक्याला लाल पटका. मडिवाळप्पा त्याचं नाव. तीस वर्षं गँगमन म्हणून रूळ ठोकले, आता पेन्शनीत. बायको वारलेली, पोर ना बाळ. रोज संध्याकाळी गाड्या बघायला तो स्टेशनावर येऊन बसायचा. यांची तोंडं बघून त्यानं आपणहून विचारपूस केली आणि म्हणाला, माझ्याकडं दोन खोल्या आहेत, पलीकडं. नरसिंगनं आधीच सांगून टाकलं, आम्ही बौद्ध आहोत. म्हाताऱ्यानं हात झटकला. गँगमधे सगळ्यांच्या डब्यातलं खाऊन तीस वर्षं काढली, आता म्हातारपणी काय चाळणी लावू, असं म्हणाला.

भाड्याचा आकडा ऐकून नरसिंगनं पुन्हा विचारलं, ऐकण्यात चूक झाली की काय म्हणून.

“लांब किती?” सुभद्राबाईनं विचारलं.

“दहा मिनट, अक्का.”

दहा मिनिटं खरी होती. पण ती पुलावरून.

स्टेशनापासून थोडं पुढं गेलं, की एक रुंद नाला आडवा यायचा आणि त्यावरून रूळ लोखंडी पुलानं पलीकडं जायचे. पलीकडं उंचवट्यावर मडिवाळप्पाचं घर. गाडीवाटेनं जायचं तर खालच्या फरशीपुलावरून चार मैलांचा वळसा होता. रेल्वेच्या पुलावर माणसाला चालायला वाट नव्हतीच. गर्डरवर लाकडी स्लीपर, दोन स्लीपरच्या मधे वीतभर मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेतून पाच-सहा पुरुष खोल नाल्यातले धोंडे दिसायचे. दोन्ही तोंडांना मनाईची पाटी होती. पाटीखालून पलीकडच्या वस्तीचे चार-दोन लोक रोज जायचे.

पहिल्या दिवशी सुभद्राबाई नरसिंगचा हात धरून गेली. खाली बघायचं नाही, असं मडिवाळप्पा मागून सांगत होता. पण बघितल्याशिवाय पाय टाकायचा कुठं? खाली शेळ्या चरत होत्या, मुठीएवढ्या दिसत होत्या. पुलाच्या मधे, थोडा स्टेशनाच्या बाजूला, एक लोखंडी कठड्याचा पिंजरा बाहेर काढलेला होता. काम करताना गाडी आली तर गँगमननी त्यात उभं राहायचं. तिनं स्लीपर मोजले. एकूण दोनशे आठ. घराकडून पिंजऱ्यापर्यंत एकशेवीस. पलीकडं पोचली तेव्हा नरसिंगच्या मनगटावर तिच्या नखांचे चार वळ उठले होते.

घर मात्र चांगलं होतं. खोल्या हवेशीर, पाण्याला घरचा आड, दारात कडुनिंब. तिनं दोन्ही खोल्या फिरून बघितल्या, परत दारात आली, पुलाकडं बघितलं. नरसिंग कडुनिंबाखाली थांबला होता. ती काय म्हणते याची वाट बघत होता.

“घेऊ,” ती म्हणाली.

एक रीत बसून गेली. सकाळी म्हातारा दोघांच्या आधी पुलाच्या तोंडाशी जाऊन बसायचा. धोका होता तो गुलबर्ग्याकडून येणाऱ्या गाड्यांचा. त्या बाजूला रूळ टेकडी कापून काढलेल्या खिंडीतून वळण घेऊन यायचे, त्यामुळं गाडी खिंडीबाहेर पडेपर्यंत दिसायची नाही. खिंडीत सिग्नलचा खांब होता, त्याचा हात तेवढा टेकाडावरून दिसायचा. हात आडवा असला तर गाडी नाही; खाली पडला की गाडी सुटली. मडिवाळप्पा आधी तो हात बघायचा, मग उकिडवा बसून रुळावर तळवा ठेवायचा, मग कान लावायचा आणि म्हणायचा, “जावा.” कधी म्हणायचा, “थांबा,” आणि खरोखर मिनिटाभरात मालगाडी धडधडत निघून जायची. असं तीनदा झाल्यावर सुभद्राबाईचा त्याच्या कानावर भरवसा बसला. संध्याकाळी तो बाकावरून उठून तिच्याबरोबर परत यायचा.

भीती गेली नाही. ती फक्त वेळापत्रकात बसली. सकाळी चहा घेतला, की ती यायची, पूल ओलांडला की जायची, आणि दुपारी कधीतरी इंजेक्शनच्या सुया उकळत ठेवताना पुन्हा यायची. कारण संध्याकाळ व्हायची होती. रुग्णाला औषध पाजतानाही तिचे ओठ हलायचे. शेजारच्या नर्सला वाटायचं, देवाचं नाव घेते. ती स्लीपर मोजत असायची.

वैशाखात तिला दिवस गेले. नरसिंगला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याची नजर पुलाकडं गेली. तिनं ती बघितली आणि चुलीकडं वळली.

आषाढातली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. मडिवाळप्पा कडुनिंबाखाली पाठ करून सुंभ वळत बसला होता. सुभद्राबाईच्या हातून पितळी हंडा ओट्यावरून निसटला आणि फरशीवर आदळून गडगडत त्याच्या मागं हातभरावर जाऊन थांबला. झाडावरचे कावळे उडाले. म्हातारा सुंभ वळतच राहिला.

ती जागच्या जागी उभी राहिली. मग हळूच त्याच्या पाठीमागं जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अप्पा, चहा टाकू का?” उत्तर नाही. जरा मोठ्यानं म्हणाली. उत्तर नाही. समोर जाऊन उभी राहिली तेव्हा तो दचकला आणि हसला, आणि तिच्या ओठांकडं बघू लागला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की बरेच दिवस तो असाच ओठांकडं बघून बोलतोय. नर्स असून आपल्याला हे दिसलं नाही. की दिसलं होतं आणि आपण बघितलं नाही?

दुसऱ्या दिवशी तिनं नीट पाहिलं. सिग्नलचा हात तो बघत होता, ते खरं. तळवा ठेवत होता, तेही खरं. आणि कान लावत होता, पण तो नुसता लावण्यापुरता. “जावा,” तो म्हणाला, आणि ती नरसिंगच्या मागं पुलावर चढली.

तिनं नरसिंगला सांगितलं नाही. रात्रंदिवस ते शब्द तिच्या जिभेवर यायचे आणि ती ते गिळायची. सांगितलं तर नरसिंग एक दिवस इथं राहू देणार नाही. मग कुठं? पाचवा महिना लागत होता. पुन्हा रविवारचं हिंडायचं, पुन्हा कोणापैकी म्हणून विचारतील, पुन्हा कुणाचा तरी मेहुणा येईल. म्हाताऱ्यालाही ती काही बोलली नाही. तिनं स्वतःच ऐकायला सुरुवात केली. पुलाच्या तोंडाशी ती चपलेचा बंद नीट करायच्या निमित्तानं वाकायची आणि रुळाला हात लावून श्वास धरायची. पण ऐकायला शिकायला तीस वर्षं लागतात. वाऱ्यानं तार गुणगुणली तरी तिला गाडी वाटायची, आणि गाडी असती तर वारा वाटला असता, हेही तिला कळत होतं. आता पोट पुढं आलं होतं, आणि पाय कुठल्या स्लीपरवर पडतोय ते बघायला पहिल्यापेक्षा जास्त वाकावं लागत होतं.

श्रावणात एका सोमवारी सकाळपासून पावसाची झड लागली होती. नाला दुथडी भरून तांबडा वाहत होता. तिघंही डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन पुलाशी आले. खोळीवर पाऊस असा ताडताड वाजत होता, की नरसिंगचं बोलणंही तिला ऐकू येत नव्हतं. टेकाडावर सिग्नलचा हात पावसातून अंधुक दिसत होता. आडवाच होता. मडिवाळप्पानं तळवा ठेवला. कान लावला. सुभद्राबाईनंही हात लावला. रूळ गार होता, मुका होता.

“जावा.”

नंतर कळलं ते असं. एक मालगाडी खिंडीत सिग्नलपाशी थांबून होती. उभ्या गाडीचा रुळाला आवाज नसतो. पण इंजिनाची वाफ सुस्कारत असते, आणि मडिवाळप्पाच्या पूर्वीच्या कानाला ती पावसातही कळली असती.

नरसिंग पुढं, सुभद्राबाई मागं, तिचा हात त्याच्या सदऱ्याच्या टोकाला. ओल्या स्लीपरवरून पाय सरकत होता. खालून पाण्याचा आवाज येत होता, वरून पावसाचा. ती मोजत होती. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर.

शिट्टी वाजली.

तिनं मागं वळून बघितलं. सिग्नलचा हात खाली पडलेला होता आणि खिंडीच्या तोंडातून इंजिनाचं काळं तोंड बाहेर येत होतं. घाईत नव्हतं. डबे ओढत, धापा टाकत, पण येत होतं. परत जायचं तर सत्तर स्लीपर आणि तेही गाडीच्या दिशेनं. पुढं पिंजऱ्यापर्यंत पन्नास. हा हिशेब तिच्या डोक्यात लख्ख झाला आणि पाय मात्र हलेनात. ती खाली बसली. दोन्ही हातांनी तिनं रूळ धरला. तो आता गार नव्हता. आतून थरथरत होता.

नरसिंग दहा पावलं पुढं गेला होता. सदरा हातातून सुटल्याचं त्याला कळलं तसा तो वळला, आला, तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. त्याचं तोंड तिच्या कानाशी होतं.

“मोज,” तो म्हणाला. “मोठ्यानं मोज.”

ती मोजू लागली. एकाहत्तर, बहात्तर. तो तिला पुढं घालून ढकलत होता, आणि ती ओरडून मोजत होती. नव्वदला उजव्या पायातली चप्पल खाली गेली. शंभराला शिट्टी पुन्हा सुरू झाली ती थांबेचना. एकशेवीसला त्यानं तिला बाजूच्या पिंजऱ्यात लोटलं आणि स्वतः तिच्यावर पाठ करून कठड्याला बिलगला.

इंजिन हातभरावरून गेलं. गरम वाफ, कोळशाची भुकटी, तेलाचा वास, आणि मग डबे. सगळा पूल हलत होता. कठडा दातांसारखा कडकडत होता. सुभद्राबाईनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते आणि डोळे मिटले होते. आतलं लेकरू हलत नव्हतं. डबे संपत नव्हते. ती आतल्या लेकराच्या हालचालीची वाट बघत होती, डब्यांची नाही.

गाडी गेली. पूल हळूहळू शांत झाला. खालच्या पाण्याचा आवाज परत आला. मग पोटात, डाव्या बाजूला, एक लहानशी लाथ बसली. तेव्हा कुठं ती रडली.

घराच्या काठावर मडिवाळप्पा रुळाकडेला चिखलात बसला होता. डोक्याला पटका नव्हता. खिंडीतून इंजिन बाहेर पडलेलं दिसताच तो पटका सोडून हातात घेऊन गाडीच्या तोंडाकडं धावला होता. ड्रायव्हरनं लाल कापड बघून ब्रेक लावले होते. भरलेली मालगाडी ती, थांबली नाही. पण वेग पडला. त्या पडलेल्या वेगानंच दोघांना शेवटचे दहा स्लीपर मिळाले.

त्या दिवशी कुणी कामावर गेलं नाही. दोघं स्टेशनावर आली, चहावाल्यानं दिलेल्या पोत्यावर ती बसली, आणि पाऊस थांबल्यावर गाडीवाटेनं चार मैल चालून, फरशीपुलावरून गुडघाभर पाण्यातून घरी परतली. घरी पोचल्यावर कोरडं लुगडं नेसून झाल्यावर ती नरसिंगसमोर बसली.

“अप्पांना ऐकू येत न्हाई,” ती म्हणाली.

तो ओली खोळ पिळत होता.

“म्हैना झाला मला ठाऊक हाय.”

त्याचे हात थांबले. मग त्यानं मान वर केली. “मला दोन म्हैने झाले,” तो म्हणाला.

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. “मग बोलला न्हाईत कामून?”

“तू कामून बोलली न्हाईस?”

दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. रोज सकाळी हा माणूस आपल्यापुढं पुलावर पाय टाकत होता, सगळं माहीत असून. आणि आपण त्याच्या मागं, सगळं माहीत असून. एकमेकांना घराबाहेर काढायला नको म्हणून दोघं एकमेकांना पुलावर नेत होते.

दारात मडिवाळप्पा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याला ऐकू आलं नव्हतं, पण तोंडं दिसत होती.

“पोळ्यापासनं,” तो म्हणाला. “मागच्या पोळ्यापासनं कमी झालं. सांगितलं तर तुम्ही येत नव्हते. आल्यावर सांगितलं तर जात होते.” एवढं बोलून तो आपल्या खोलीत गेला आणि दोन दिवस चुलीचा धूर तिकडून दिसला नाही. तिसऱ्या दिवशी सुभद्राबाईनं भाकरी आणि वरण नेऊन त्याच्यासमोर ठेवलं. तिच्या मनात राग होता, आणि तो होता तरी ती बसून राहिली, त्यानं खाल्लं तोवर.

तिनं बिनपगारी रजा टाकली. नरसिंग पहाटेच्या उजेडात निघून गाडीवाटेनं स्टेशनावर जायचा. पुलाकडं ती बघतही नव्हती. पण गाडी गेली, की जिथं असेल तिथं खाली बसायची. भांडी घासताना, दळताना. नरसिंगला यायला उशीर झाला तर अंगणातून रस्त्याकडं आणि रस्त्याकडून अंगणात. तो गाडीवाटेनंच येईल ना? दमून, कंटाळून, एखाद्या दिवशी पुलावरून तर नाही येणार? त्यानं शपथ घेतली होती. तरी रोज तो दिसेपर्यंत ती चूल पेटवायची नाही.

मार्ग निघाला तो कारखान्यातून. नरसिंगचा मिस्त्री शिवय्या म्हणून होता. त्याला हे सगळं कळल्यावर तो म्हणाला, घर भाड्यानं मिळत नसेल तर उभं करा. खाणीत फुटक्या, कोपरे गेलेल्या फरशांचे ढीग पडलेले असतात, मालक त्या उचलून नेणाऱ्याला नाही म्हणत नाही. उभ्या फरशा जमिनीत गाडल्या की भिंत, वर पत्रा टाकला की छप्पर. खाणीवरचे लोक अशाच घरांत जन्म काढतात.

जागेचं काय? ते मडिवाळप्पानं सांगितलं. कल्लूर रोडच्या स्टेशनापलीकडं, जिथं फरशा वॅगनमधे भरतात त्या सायडिंगच्या मागं, खडकाळ जमिनीची एक पट्टी होती. रेल्वेच्या हद्दीचे दगड कुठं आहेत ते त्याला पाठ होतं. त्यानं स्वतः पुरलेले. पट्टी त्या दगडांच्या बाहेर होती आणि गावातल्याही कुणाच्या उताऱ्यावर नव्हती, असं तो म्हणत होता. हमाली करणारी दोन कुटुंबं आधीच तिथं राहत होती, आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. नरसिंगला तेवढं पुरे झालं. सुभद्राबाईला पुरलं नाही. कुणाच्या नावावर नाही म्हणजे आपल्याही नाही, हे ती दोनदा म्हणाली. पण सातवा महिना लागला होता.

पाच रविवार काम चाललं. कारखान्यातले चौघं यायचे, शिवय्या यायचा. फरशा वॅगन भरायच्या हातगाडीवरून आणल्या. मडिवाळप्पा चार मैलांचा वळसा घालून रोज यायचा आणि पहार घेऊन खडकात चर पाडत बसायचा. या कामाला कान लागत नव्हते. दिवाळीच्या आधी दोघं राहायला आली. दारातून प्लॅटफॉर्म दिसायचा. नरसिंगनं घड्याळ लावून बघितलं, दोन मिनिटंही लागली नाहीत.

पौषात मुलगी झाली, सुभद्राबाईच्याच दवाखान्यात. रडली मोठ्यानं, वजनही चांगलं भरलं. तरी पहिले काही महिने आई तिच्या कानाशी टाळी वाजवून बघायची, आणि पोर दचकली की मगच पाळण्याची दोरी धरायची.

मडिवाळप्पा पलीकडंच राहिला. संध्याकाळी बाकावर येऊन बसायचा, आणि वळसा न घालता पुलावरूनच यायचा-जायचा. पोर शेजारच्या हमालिणीकडं ठेवून सुभद्राबाई पुन्हा कामावर जाऊ लागली होती; गाडीतून उतरली, की आधी बाकाकडं बघायची. तो दिसला की घरी जायची. एकदा दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी ती पोर नरसिंगकडं देऊन गाडीवाटेनं गेली. तो तापानं पडला होता. तिनं त्याचे कपडे, तांब्या, कांबळं एका गाठोड्यात बांधलं, कुलूप लावलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या तोंडासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणाली, “आता तिकडं ऱ्हायचं. पुलावर पाय ठेवायचा न्हाई.” त्यानं हुज्जत घातली नाही, वस्तीवरच्या एका बैलगाडीत बसून तिच्याबरोबर आला. घराला लागून तिरप्या पत्र्याची एक खोली त्याच्यासाठी काढली. गावातल्या त्याच्या भाऊबंदांनी चार दिवस बोलून घेतलं. त्याच्या ते कानावर पडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी दोन माणसं टेप घेऊन सायडिंगमागं आली. एकानं टोक धरलं, दुसरा मोजत दारापर्यंत आला आणि उंबऱ्यापासून दोन हातांवरच्या दगडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला. सुभद्राबाई पोरीला कडेवर घेऊन दारात आली. तिनं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, हे कशाचं मोजायलात? त्यांतला एक म्हणाला, रुळाची दुसरी जोडी टाकायचा विचार आहे. इकडून टाकतील नाहीतर तिकडून, ते काही ठरलेलं नाही. अजून सालं लागतील, दहाही लागतील, बाई, काळजी करू नका.

ती माणसं निघून गेली. नरसिंग आला तेव्हा तिनं त्याला त्याच दिवशी सांगितलं; आता ती काही पोटात ठेवत नव्हती. त्यानं दगड बघितला, पुष्कळ वेळ बघितला, आणि दहा वर्षं म्हणजे लेक पाचवीत असेल, असं काहीतरी म्हणाला.

रोज सकाळी गाडीच्या आधी सुभद्राबाई अंगण झाडायची. झाडू त्या दगडापर्यंत आला की ती थांबायची, आणि त्याला न लावता बाजूनं झाडून घ्यायची. रंग उडाला तर ते पुन्हा मोजायला येतील, असं तिला वाटायचं.